रक्ताची साक्ष

१८५५ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात नॉरफोक या बंदराच्या गावी पीतज्वराची साथ आली. घरंच्या घरं रिकामी करून थंडी पडल्यावर ती ओसरली. त्या साथीत आजारी पडून वाचलेली काही मुलं पुढं खूप जगली. १९३०च्या सुमारास, म्हणजे तब्बल पाऊणशे वर्षांनी, त्यांच्यातल्या काहींचं रक्त तपासण्यात आलं. रक्त गोठू देऊन वर जे पिवळसर पाणी उरतं ते सीरम. ते पीतज्वराच्या विषाणूत मिसळलं आणि ते मिश्रण पांढऱ्या उंदरांना टोचलं. नुसता विषाणू टोचलेले उंदीर मेले. या म्हाताऱ्या माणसांचं सीरम मिळालेले उंदीर जगले. अमेरिकेतली पीतज्वराची शेवटची साथ १९०५ सालची, तीही दूर न्यू ऑर्लीन्सला. लहानपणी आठ-दहा दिवस भोगलेल्या तापाची आठवण त्या रक्तानं आयुष्यभर जपली होती.

ही तपासणी ज्यांच्यामुळे शक्य झाली त्यांचं नाव मॅक्स थायलर. पीतज्वराची लस तयार करणारे, त्यासाठी १९५१ सालचं नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ म्हणून पुस्तकांत त्यांचा उल्लेख दोन ओळींत आटोपतो. पण लसीच्या आधी त्यांनी जो प्रश्न हाताळला तो कोरोनाच्या काळात आपल्याकडे घरोघरी विचारला गेला. आजार होऊन गेला, रक्तात प्रतिपिंडं म्हणजे अँटिबॉडी आहेत असा रिपोर्ट आला, मग आता आपण सुरक्षित का?

थायलर यांचा जन्म ३० जानेवारी १८९९ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरिया इथला. वडील अर्नोल्ड थायलर स्वित्झर्लंडहून तिकडे गेलेले पशुवैद्य. शेतावरच्या यंत्रात सापडून त्यांचा डावा हात गेला होता. तरी एका हातानं काम करत त्यांनी गुराढोरांच्या रोगांवर मोठं संशोधन केलं आणि ऑन्डरस्टपूर्टची नावाजलेली पशुवैद्यक संस्था उभी केली. त्या मोठ्या माणसाच्या चार मुलांत मॅक्स धाकटे. केपटाउनला दोन वर्षं शिकून १९१९मध्ये ते लंडनला गेले. तिथल्या विद्यापीठानं केपटाउनची वर्षं धरली नाहीत, त्यामुळे सेंट थॉमस रुग्णालयात शिकूनही त्यांच्या हाती पदवी पडली नाही. वैद्यकी करण्याचा परवाना आणि उष्ण कटिबंधातल्या रोगांची पदविका एवढ्यावर ते १९२२ साली अमेरिकेत हार्वर्डला गेले. पुढं नोबेल मिळालं तेव्हाही त्यांच्याजवळ एम.डी. नव्हती.

हार्वर्डमध्ये अँड्र्यू सेलार्ड्स यांच्या हाताखाली त्यांनी आधी आमांशाच्या अमिबावर काम केलं, मग ते पीतज्वराकडे वळले. हा रोग भारतात नाही, म्हणून त्याची धास्ती आपल्याला नीटशी कळत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डासच तो पसरवतो. ताप येतो, उतरल्यासारखा वाटतो, आणि काहींमध्ये उलटून येतो तो कावीळ आणि रक्तस्राव घेऊन. असे रोगी निम्म्याच्या आसपास दगावतात. पनामाचा कालवा खणताना फ्रेंचांना ज्या रोगांनी पळवून लावलं त्यातला हा मुख्य.

त्या वेळी या रोगाचं मूळ सापडलं आहे असं जगाला वाटत होतं. हिदेयो नोगुची या मोठ्या जपानी शास्त्रज्ञांनी १९१८ साली इक्वेडोरमधल्या रोग्यांच्या रक्तात एक नागमोडी जिवाणू पाहिला आणि पीतज्वराचा कर्ता तोच असं जाहीर केलं. नोगुची न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटचे नामांकित माणूस. त्यांचा शब्द मोडणार कोण? थायलर आणि सेलार्ड्स यांनी १९२६च्या सुमारास तो मोडला, तोही प्रतिपिंडांच्याच आधारानं. नोगुचींच्या जिवाणूविरुद्ध तयार झालेलं सीरम आणि उंदरा-घुशींच्या मुतातून पसरणाऱ्या एका वेगळ्याच काविळीच्या जिवाणूविरुद्धचं सीरम त्यांनी अदलाबदल करून वापरून पाहिलं. दोन्ही सीरमं दोन्ही जिवाणूंवर सारखीच चालली. म्हणजे जिवाणू एकच होता. नोगुचींनी ज्यांना पीतज्वराचे रोगी मानलं त्यांना मुळात दुसराच आजार झाला होता. (पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत ज्याची भीती असते तो लेप्टो याच जातकुळीतला.)

खरा कर्ता विषाणू आहे हे १९२७ साली लागोसजवळ सिद्ध झालं. घानातल्या असिबी नावाच्या रोग्याचं रक्त भारतातून नेलेल्या ऱ्हीसस माकडांना टोचलं, माकडं आजारी पडून मेली. आफ्रिकेतल्या माकडांवर तो प्रयोग साधत नव्हता. असिबी बरा झाला; प्रयोग करणारे एड्रियन स्टोक्स मात्र काही महिन्यांतच पीतज्वरानं गेले. आपलं मत पडताळायला आफ्रिकेत गेलेले नोगुची मे १९२८मध्ये अक्रा इथं त्याच रोगानं वारले. त्यांच्या शवाची तपासणी करणारे डॉ. यंग आठवड्याभरात गेले. पुढल्या वर्षी ब्राझीलमध्ये पॉल लुईस गेले. प्रयोगशाळेत या विषाणूशी खेळणं म्हणजे विस्तवाशी खेळणं होतं.

थायलर यांनी १९२८ साली आणखी एक कोडं सोडवलं. आफ्रिकेतला पीतज्वर आणि दक्षिण अमेरिकेतला पीतज्वर हे एकच की निरनिराळे? दक्षिण अमेरिकेत आजारातून उठलेल्या माणसांचं सीरम त्यांनी माकडांना दिलं, मग आफ्रिकेतला विषाणू टोचला. माकडं वाचली. रोग एकच, हे ठरलं. यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की रक्तात प्रतिपिंडं दिसतात का, एवढं विचारून थायलर थांबले नाहीत. ती प्रतिपिंडं जिवंत प्राण्याला मरणातून वाचवतात का, हे त्यांनी विचारलं. या दोन प्रश्नांतलं अंतर आजही अनेक रिपोर्टांवर दिसत नाही.

पण माकड महाग. समुद्रापलीकडून आणायचं, पोसायचं, आणि एका माणसाचं रक्त तपासायला एक-दोन माकडं खर्ची घालायची. हजार माणसांचं रक्त तपासायचं तर? थायलर स्वस्त जनावर शोधत होते. पांढऱ्या उंदरांना विषाणू टोचून इतरांनी आधी पाहिलं होतं, काही होत नव्हतं. थायलर यांनी तो थेट उंदराच्या मेंदूत टोचला. उंदीर मेले, पण यकृत सडून नव्हे, मेंदूला सूज येऊन. पीतज्वर हा यकृताचा रोग अशी सगळ्यांची धारणा असल्यानं पुष्कळांना हे पटेना. त्यांनी १९३० साली 'सायन्स'मध्ये छोटंसं टिपण छापलं. त्याच्या आदल्या वर्षी त्यांना स्वतःलाच प्रयोगशाळेत पीतज्वर झाला. सुदैवानं तो सौम्य होता. त्यातून उठले ते कायमचे सुरक्षित होऊनच, आणि पुढची सगळी वर्षं त्यांनी निर्धास्तपणे या विषाणूबरोबर काढली.

१९३०मध्येच ते न्यूयॉर्कला रॉकफेलर फाउंडेशनच्या प्रयोगशाळेत गेले. प्रमुख होते विल्बर सॉयर. सॉयर आणि रे लॉईड यांनी थायलर यांच्या उंदरावरून एक सुटसुटीत चाचणी बसवली. उंदराच्या मेंदूत थोडं स्टार्चचं पाणी टोचायचं, म्हणजे तिथं इजा होऊन विषाणूला घर मिळतं. त्याच वेळी पोटात विषाणू आणि तपासायचं सीरम यांचं मिश्रण टोचायचं. एका माणसाच्या सीरमला सहा उंदीर. मग वाट पाहायची. सगळे मेले तर त्या माणसाच्या रक्तात संरक्षण नाही. बहुतेक जगले तर आहे. निम्मे मेले, निम्मे जगले तर? अशा निकालाला अनिर्णित म्हणत आणि पुन्हा तपासत. ओढूनताणून हो किंवा नाही म्हणत नसत, हे विशेष.

या उंदरांनी पीतज्वराचा नकाशाच बदलला. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेच्या गावागावांतून सीरमच्या बाटल्या येऊ लागल्या. जिथं पीतज्वराचा एकही रोगी नोंदलेला नाही अशा खेड्यांतल्या माणसांचं रक्त उंदरांना वाचवत होतं. रोग तिथं येऊन गेला होता, कुणी ओळखला नव्हता. ताप आला, गेला, एवढंच. वयाप्रमाणे पाहिलं तर गावाचा इतिहासच उलगडे. वीस वर्षांवरच्यांचं रक्त संरक्षक आणि त्याखालच्या एकाचंही नाही, तर वीस वर्षांपूर्वी विषाणू त्या गावातून गेला आणि परत फिरकला नाही. पाच वर्षांच्या पोरांतही संरक्षण दिसलं तर तो अजून आसपास आहे. ब्राझीलच्या अंतर्भागात, जिथं तो घरगुती डासच नव्हता तिथंही, अशी माणसं सापडली. विषाणू रानातल्या माकडांत आणि रानडासांत वस्ती करून आहे, हे त्यातून पुढं उघड झालं. पूर्व आफ्रिकेतही संरक्षक रक्ताची माणसं मिळाली, म्हणून युगांडात एन्टेबी इथं १९३६ साली पीतज्वर संशोधन संस्था निघाली. तिची गोष्ट पुढं येईलच.

मुंबई-कराचीच्या सरकारी डॉक्टरांच्या पोटात गोळा आला तो याच निष्कर्षांनी. पूर्व आफ्रिकेतून विमान काही दिवसांतच भारतात येई. इथं डास तयार, माणसं कोट्यवधी, आणि कुणाच्याच रक्तात संरक्षण नाही. आफ्रिकेतून येणाऱ्या प्रवाशांना पीतज्वराच्या लसीचा दाखला विचारण्यात भारत आजही जगातल्या सगळ्यांत कडक देशांपैकी आहे, त्याचं मूळ या भीतीत.

आता या चाचणीवर विश्वास किती ठेवायचा, हा प्रश्न. पीतज्वराच्या बाबतीत पुष्कळ ठेवता आला, आणि त्याची कारणं त्या विषाणूच्या स्वभावात आहेत. तो रक्तातून यकृताकडे जातो. रक्तात प्रतिपिंडं जागी असली की वाटेतच अडवला जातो. तो फारसा रूप बदलत नाही. १८५५चं रक्त १९२७च्या विषाणूला ओळखतं ते त्यामुळेच. आणि चाचणीच अशी होती की तिनं प्रत्यक्ष संरक्षणच मोजलं. या तिन्ही गोष्टी एकत्र येणं हे थायलर यांचं भाग्य. दुसऱ्या विषाणूंकडे वळलं की एकेक पाया निसटतो.

कोरोनाचं पाहा. जुलै-ऑगस्ट २०२०मध्ये पुण्यातल्या पाच प्रभागांत १,६६४ जणांचं रक्त तपासलं, तेव्हा ५१.५ टक्क्यांत प्रतिपिंडं मिळाली. निम्मं शहर सुटलं असा अर्थ अनेकांनी काढला. खरं तर ते पाच प्रभाग म्हणजे पुणे नव्हे. रुग्ण जास्त होते म्हणूनच ते निवडले होते. पण दुसऱ्या लाटेनं २०२१च्या वसंतात पुण्याला जे दाखवलं त्याला एवढंच कारण नव्हतं. हा विषाणू नाकाघशात उतरतो, रक्तातली प्रतिपिंडं तिथं पुरेशी पोचतातच असं नाही. काही महिन्यांत त्यांची पातळी घसरते. विषाणू रूप बदलतो आणि जुनी प्रतिपिंडं त्याला पूर्वीसारखी पकडू शकत नाहीत. शिवाय नेहमीच्या प्रयोगशाळेतली चाचणी विषाणूच्या एका तुकड्याला प्रतिपिंड चिकटतं का, इतकंच पाहते. चिकटणं वेगळं आणि अडवणं वेगळं. दारावर शंभर माणसं उभी आहेत हे मोजता येतं, त्यातले कुलूप लावणारे किती हे नुसत्या मोजणीत कळत नाही. उलट बाजूही आहे. प्रतिपिंडं मावळली तरी त्यांची आठवण ठेवणाऱ्या पेशी आणि आजारी पेशींना मारणाऱ्या टी पेशी शरीरात राहतात, म्हणून रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी माणूस अगदीच उघडा पडला असं होत नाही. पुन्हा आजार झाला तरी तो गंभीर न होण्यात त्यांचा मोठा वाटा असतो.

डेंग्यूचा मामला त्याहून अवघड. त्याचे चार प्रकार. एकाची प्रतिपिंडं त्या प्रकारापासून वर्षानुवर्षं वाचवतात, पण दुसऱ्या प्रकाराची लागण झाली तर कधी कधी विषाणूला पेशींत शिरायला मदतच करतात. दर पावसाळ्यात डेंग्यू आयजीजी पॉझिटिव्ह असा कागद हातात घेऊन माणसं आता आपल्याला डेंग्यू होणार नाही म्हणून निवांत होतात. त्या कागदाचा अर्थ एवढाच की विषाणू कधीतरी भेटून गेला. आणि एचआयव्हीमध्ये तर प्रतिपिंडं मिळणं म्हणजे विषाणू अंगात आहे असाच अर्थ होतो.

पुन्हा थायलर यांच्याकडे. चाचणी झाली, आता लस. १९३१ साली सॉयर आणि मंडळींनी उंदराच्या मेंदूतला विषाणू आणि बऱ्या झालेल्या माणसांचं सीरम एकाच वेळी टोचून प्रयोगशाळेतल्या लोकांना संरक्षण दिलं. लस कामाची, पण दर माणशी इतकं मानवी सीरम लागे की लाखोंना देणं अशक्य. थायलर यांनी असिबीच्या रक्तातला तोच विषाणू घेतला आणि तो उंदराच्या, मग कोंबडीच्या गर्भाच्या पेशींत वाढवायला सुरुवात केली. शेवटी मेंदू आणि मणका काढून टाकलेल्या कोंबडीच्या गर्भात. एका बाटलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. ह्यू स्मिथ, रे लॉईड, यूजीन हागेन आणि नेल्डा रिची यांची साथ होती. ८९व्या आणि ११४व्या पिढीच्या दरम्यान केव्हातरी विषाणू बदलला. माकडाच्या मेंदूत टोचला तरी माकड मरेना, यकृतही शाबूत. तरीही माकडाच्या रक्तात भरघोस प्रतिपिंडं. नेमकं काय झालं हे थायलर यांना सांगता येत नव्हतं. जनुकं वाचता येण्याला अजून अर्धं शतक होतं. पण लस लागली हे त्यांना कळत होतं, उंदरांमुळेच. लस घेतलेल्या माणसाचं सीरम उंदराला वाचवतं का पाहायचं. १७डी नावाच्या या लसीचं टिपण १९३७ साली छापून आलं. स्मिथ ब्राझीलला गेले आणि दोनेक वर्षांत तिथं दहा लाखांहून अधिक लोकांना ती टोचली.

लस आली आणि उंदरांची साक्ष एका अर्थानं अवघड झाली. रक्त संरक्षक निघालं तर ते रोगानं की लशीनं, हे उंदीर सांगू शकत नव्हता. मग आधी विचारायचं, लस घेतली होती का? तान्ह्या बाळाच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिपिंडं असतात, तीही काही महिने फसवतात. आणि नुकताच आजारी पडलेल्याच्या रक्तात पहिल्या आठवड्यात काहीच मिळत नाही. लसीचा दाखला टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो तो यामुळेच.

थायलर यांच्या लसीवर एक काळा डागही आहे. विषाणू टिकून राहावा म्हणून अमेरिकेत लसीत मानवी सीरम मिसळत. ब्राझीलमध्ये लसीनंतर कावीळ होताना दिसली आणि तिथं ते बंद झालं. अमेरिकेत ते चालू राहिलं. १९४२ साली लस घेतलेल्या अमेरिकी सैनिकांत काविळीची लाट आली, सुमारे ५० हजार जण रुग्णालयात भरती झाले. सीरम देणाऱ्यांपैकी काहींना पूर्वी कावीळ झाली होती. कोणती कावीळ, हे तेव्हा सांगता येत नव्हतं. मानवी सीरम काढून टाकलं आणि लाट थांबली. चाळीसेक वर्षांनी त्या वयस्क सैनिकांचं रक्त हेपॅटायटिस बी विषाणूच्या प्रतिपिंडांसाठी तपासलं. १९४२ साली आजारी पडलेल्यांपैकी ९७ टक्क्यांत ती मिळाली. त्याच साठ्यातली लस घेऊन आजारी न पडलेल्यांपैकीही ७६ टक्क्यांत मिळाली. सीरम नसलेली लस घेतलेल्यांत १३ टक्के. त्यावरून एकूण लागण सुमारे ३ लाख ३० हजारांना झाली असावी असा अंदाज बांधण्यात आला. म्हणजे बहुतेकांना आपल्याला काही झालं होतं याचा पत्ताच नव्हता. आजार विसरला गेला, रक्त विसरलं नाही. हेपॅटायटिस बीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाची प्रतिपिंडं बहुतेक वेळा खरंच संरक्षण देतात. म्हणून या एका बाबतीत डॉक्टर पातळी मोजून निर्धास्त राहा असं सांगू शकतात.

नोबेल जाहीर झालं तेव्हा थायलर ५२ वर्षांचे होते. हडसन नदीकाठच्या हेस्टिंग्ज गावात पत्नी लिलियन आणि मुलीबरोबर राहत. पैशाचं काय करणार असं विचारल्यावर स्कॉचची पेटी आणून ब्रुकलिन डॉजर्सचे बेसबॉलचे सामने बघेन म्हणाले. बोलण्या-वागण्यात गवगवा नाही. त्यांनी लिहिलेले निबंधही मोजकेच.

त्याच सुमारास रॉकफेलर फाउंडेशननं डास-गोचिडांनी पसरणाऱ्या विषाणूंचा जगभर शोध सुरू केला. थायलर प्रमुख असलेली न्यूयॉर्कची प्रयोगशाळा त्याचं माहेर. एक केंद्र १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेबरोबर पुण्यात निघालं. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. सुरुवातीच्या कामांतलं एक म्हणजे देशातल्या निरनिराळ्या भागांतल्या लोकांचं सीरम घेऊन कोणकोणत्या विषाणूंविरुद्ध ते उंदरांना वाचवतं ते पाहणं. स्मिथबर्न, कर आणि गटणे यांचा हा अभ्यास १९५४ साली प्रसिद्ध झाला. त्यात १९६ जणांपैकी ३३ जणांच्या सीरमनं एका अनोळखी विषाणूला अडवलं. झिका त्याचं नाव. एन्टेबीच्या त्या पीतज्वर संस्थेनं १९४७ साली झिका जंगलात पिंजऱ्यात टांगलेल्या माकडात तो पकडला होता.

मग भारतात झिका होता का? इथं उंदराची साक्ष पहिल्यांदा धूसर झाली. थायलर यांच्याच प्रयोगशाळेतले जॉर्डी कासाल्स यांनी दाखवलं की डासांचे हे विषाणू कुळांत विभागलेले आहेत. पीतज्वर, डेंग्यू, जपानी मेंदूज्वर, झिका हे एका कुळातले. एकाविरुद्धची प्रतिपिंडं दुसऱ्याला थोडीफार चिकटतात. चिकटणंच मोजणाऱ्या साध्या चाचण्यांत गोंधळ जास्त, उंदरावरच्या चाचणीत कमी, पण शून्य नाही. डेंग्यू भारतात जुना. त्या ३३ जणांच्या रक्तात झिकाची आठवण होती की डेंग्यूची, हे त्या चाचणीवरून छातीठोकपणे सांगता येत नाही. त्यानंतर साठ वर्षं भारतात झिकाचा एकही रुग्ण प्रयोगशाळेत सिद्ध झाला नाही. पहिले गुजरातमध्ये २०१६-१७ साली, आणि महाराष्ट्रातला पहिला जुलै २०२१मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावचा. तो शोधला त्याच पुण्याच्या संस्थेनं, पण प्रतिपिंडांवर न विसंबता विषाणूचं जनुकद्रव्य पकडून.

कासाल्स पुढं थायलर यांच्यासोबत येल विद्यापीठात गेले. तिथं १९६९ साली त्यांना प्रयोगशाळेत लासा ज्वराची लागण झाली. त्या आजारातून नुकत्याच उठलेल्या एका परिचारिकेचं रक्तद्रव त्यांना चढवण्यात आलं, आणि ते बरे झाले. रक्तातली प्रतिपिंडं जिवंत देहाला वाचवतात का, हा थायलर यांचा जुना प्रश्न त्या वेळी एका सहकाऱ्याच्या खाटेपाशी विचारला गेला होता.

थायलर यांचं निधन ११ ऑगस्ट १९७२ रोजी न्यू हेवन इथं फुप्फुसाच्या कर्करोगानं झालं. त्यांची लस तोवर जगभर रुजली होती. आजवर तिचे पन्नास कोटींहून जास्त डोस दिले गेले आहेत. दर दहा वर्षांनी ती पुन्हा घ्यावी हा नियम मात्र चालूच राहिला. एकदा घेतलेली लस पुरते हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ साली मान्य केलं आणि जुलै २०१६पासून तिचा दाखला आजन्म धरला जाऊ लागला. १८५५च्या नॉरफोककरांचं रक्त तपासून तेव्हा पंचाऐंशी वर्षं झाली होती.

किती प्रतिपिंडं असली म्हणजे पुरे, याचा आकडा त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरात आला. लस दिलेल्या ऱ्हीसस माकडांना नंतर मूळ जहाल विषाणू टोचून पाहिला. ज्यांचं सीरम विषाणूचं बळ निदान पाचपटीनं घटवत होतं ती जवळपास सगळी वाचली. माणसांवर असा प्रयोग करणं शक्य नाही, म्हणून माणसांच्या लसीलाही आजतागायत तोच माकडांचा मापदंड लावतात.

१९७५ साली थायलर यांचं नाव असलेला एक निबंध छापून आला. सहलेखक अँडरसन, जे पूर्वी पुण्याच्या केंद्रात होते. आशियात डास आहे, माणसं आहेत, आफ्रिकेतून जहाजं शतकानुशतकं येत आहेत, तरी पीतज्वर इथं का रुजला नाही, हा थायलर यांच्या मनातला जुना प्रश्न. त्यांनी डेंग्यू होऊन गेलेल्या ऱ्हीसस माकडांना पीतज्वराचा विषाणू टोचला. त्यांच्या रक्तात इतर माकडांपेक्षा कमी विषाणू वाढला. त्या माकडांना पीतज्वर आधी कधी झाला नव्हता, की त्याची लसही दिली नव्हती.